बी घरचं, भाजी घरची



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवर लावणीची धांदल चालू असेल. पहाटे आवण उपटायचे, जुड्या बांधायच्या, डोक्यावरून खाचरापर्यंत न्यायच्या आणि दिवसभर कंबरेत वाकून लावायच्या. भात आटोपले की माळावरची नागली आणि वरई. घरात त्या दिवसांत फक्त म्हातारी माणसे आणि लहान मुले असतात.

दर पावसाळी अंकात आपण शेतीची आणि पाड्यांची खबर देतो. यंदा ती देण्याआधी एक कबुली द्यायची आहे. आपल्या देणग्यांतून आम्ही पाड्यांवर परसबागेसाठी भाजीचे बियाणे वाटले. हेतू चांगला होता, पण त्यात आमची एक मोठी चूक झाली. ती कोणती, आणि ती सुधारताना पाड्यावरच्या बायांकडून आम्ही काय शिकलो, ते या लेखात सांगते.

पहिल्या वर्षी आम्ही बाजारातून पाकिटे घेतली. दुधी, भेंडी, कारली, टोमॅटो, वांगी. जूनच्या पहिल्या पावसाआधी तीन पाड्यांवर वाटली. भाजी छान आली. झापाच्या छपरावर चढलेल्या दुधीच्या वेलाचे छायाचित्र आपल्या अंकातही आले होते. दुसऱ्या वर्षी मला वाटले, आता घरोघरी बी राखले असेल. काही बायांनी खरेच राखले होते. त्यांनी ते पेरले, वेल वाढले, पण एका वेलाचे फळ लांब, दुसऱ्याचे आखूड, तर काही वेलांना फळच धरेना. तिसऱ्या वर्षी देणगी उशिरा जमा झाली आणि पाकिटे पाड्यावर पोहोचेपर्यंत जुलै उजाडला. पेरणीची वेळ टळून गेली होती. त्या वर्षी बहुतेक अंगणे मोकळीच राहिली.

एका घरावर मात्र वेल होता. तिथल्या आजीने आमची पाकिटे पहिल्या वर्षीही घेतली नव्हती. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “ताई, तुमचं बी पाहुणं. एक पावसाळा राहतं नि जातं. माझ्या घरचं बी माझ्या सासूचं हाय.” मग तिने चुलीवरच्या आढ्याला टांगलेला वाळका दुधी खाली काढला. त्याचे तोंड कापडाच्या बोळ्याने बंद केले होते. आत राख, आणि राखेत वाल, चवळी, काकडी, भोपळा यांचे बी. वर्षानुवर्षे त्या पाड्यावर जाऊनही तो दुधी मी पाहिला नव्हता, कारण मी कधी विचारलेच नव्हते.

उपाशी महिने हिरवे का असतात

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या आठ तालुक्यांपैकी जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत दहापैकी नऊहून अधिक माणसे आदिवासी आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमाती येथे राहतात. पाऊस धो धो पडतो. पण तो चार महिन्यांत पडून डोंगरउतारावरून वाहून जातो. म्हणून बहुतेक घरांना वर्षाकाठी पावसाचे एकच पीक मिळते.

त्या एका पिकावर वर्ष काढायचे तर हिशेब असा होतो. भात आणि नागली दिवाळीच्या सुमाराला घरात येतात. ज्यांची जमीन थोडी, त्यांचे धान्य काही महिन्यांत संपते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. आपल्या काशिमिऱ्याच्या नाक्यावर सकाळी जे मजूर उभे दिसतात, त्यांत जव्हार-मोखाड्याची माणसे असतात. होळीला ती घरी येतात, पुन्हा जातात आणि पावसाआधी शेतीसाठी परततात. आषाढ ते भाद्रपद या काळात कणगी रिकामी असते, मजुरी थांबलेली असते आणि नवे पीक अजून हिरवे असते. अंगाला सर्वांत जास्त कष्ट याच महिन्यांत पडतात आणि ताटात सर्वांत कमी याच महिन्यांत असते.

या दिवसांत पूर्वी सावकाराकडून धान्य घ्यावे लागे आणि नवे भात आले की ते दिढीने, दुपटीने परत करावे लागे. या पद्धतीला पालेमोड म्हणत. तिच्यातून सुटका व्हावी म्हणून सरकारने आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्जाची योजना चालवली. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, कर्जाऐवजी प्रत्येक पात्र कुटुंबाला ४,००० रुपयांचे खावटी अनुदान देण्याचा निर्णय झाला, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंच्या रूपात. आता रेशनचा तांदूळही मिळतो. त्यामुळे पोट बऱ्याच अंशी भरते. पण नुसत्या भाताने अंग भरत नाही. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, सडलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या सुचवते. गरोदर बाई आणि अंगणवाडीतले मूल यांच्यासाठी हा फरक केवळ आकड्यांचा नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळ्या महाराष्ट्राला हादरवले होते, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

रान मात्र या महिन्यांत भरभरून देते. पहिल्या पावसाआधी शेवळं येतात. ती घशाला खाजतात म्हणून काकडांच्या आंबट फळांसोबत शिजवतात. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, लोत, बांबूचे कोंब आणि श्रावणात कंटोळी. पहिली कोवळी भाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही, अशी वारल्यांची जुनी रीत आहे. रानाला उगवायला वेळ मिळावा, हा त्यातला शहाणपणाचा भाग मला वाटतो. पण लावणीच्या दिवसांत बाईला रानात जायला सवड नसते. आणि रान जसे दूर सरकते तशी भाजीही दूर सरकते. अशा वेळी दारातली परसबाग उपयोगी पडते. भांडी घासलेले पाणी, कोंबड्यांचे खत, छपराचा आधार आणि चार पावलांवर भाजी. एवढ्या सोयी घरातच असतात. अडते ते बियाण्यावर.

पाकिटातले बी परत का येत नाही

आमची चूक कुठे झाली ते समजायला बियाण्याचे दोन प्रकार माहीत हवेत.

गावठी किंवा देशी वाण पिढ्यान्पिढ्या त्याच मातीत पेरले, निवडले आणि राखलेले असते. त्याचे बी पेरले की मुलगी आईसारखी निघते. संकरित वाण तयार करताना दोन वेगळ्या जातींचे आईबाप मुद्दाम जुळवतात. त्यांच्या पहिल्या पिढीचे रोप जोमदार असते आणि पीक भरपूर देते. म्हणूनच शेतकरी ते घेतात आणि त्यात काही गैर नाही. पण त्या रोपाचे बी धरून पुन्हा पेरले तर आईबापांचे आणि आजोळचे गुण विस्कटून बाहेर पडतात, सगळी झाडे सारखी येत नाहीत. आमच्या बायांच्या वेलांवर दुसऱ्या वर्षी जे झाले ते हेच. त्यांनी राखण्यात कसूर केली नव्हती. राखण्यासारखे बी आम्ही दिलेच नव्हते.

बाजारात सुधारित वाणही मिळतात. त्यांचे बी काळजीने धरले तर पुढच्या वर्षी चालते. पाकीट घेताना “संकरित” की “सुधारित” एवढे वाचून घेतले तरी पुष्कळ होते. आम्ही तेवढेही केले नव्हते.

एक धोक्याची सूचना. पाकिटातले बी पुष्कळदा गुलाबी किंवा हिरव्या रंगाच्या औषधात घोळलेले असते. ते विषारी असते. उरलेले बी शिजवू नये, कोंबड्यांना टाकू नये आणि मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नये. रिकामे पाकीटही मीठ-मसाला ठेवायला वापरू नये. ज्या घरात दाणा संपला आहे तिथे ही सूचना देणाऱ्याने तोंडाने सांगितलीच पाहिजे.

कोणत्या भाजीचे बी कसे धरावे

आजीने आणि तिच्या शेजारणींनी दाखवलेले आणि कृषी विभागाच्या माणसांकडून आम्ही समजून घेतलेले, असे दोन्ही मिळून येथे देत आहे. आपल्या गॅलरीतल्या कुंडीलाही हे लागू पडते.

वाल, चवळी, उडीद, टोमॅटो: यांची फुले बहुधा आपल्याच परागावर फळ धरतात. त्यामुळे शेजारी दुसरे वाण असले तरी फारशी सरमिसळ होत नाही. नवशिक्याने बी धरायला यांच्यापासून सुरुवात करावी. निरोगी झाडाच्या शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात. टोमॅटो पूर्ण पिकला की गर दोन दिवस भांड्यात आंबवून मग बी धुवावे, म्हणजे त्यावरचे बुळबुळीत आवरण सुटते.

भेंडी, मिरची, वांगी: यांत मधमाश्यांमुळे थोडी सरमिसळ होते. एका अंगणात एकच वाण ठेवले तर काळजी कमी. भेंडीची दोन-तीन झाडे पहिल्यापासून बियाण्यासाठी राखून त्यांची एकही भेंडी तोडू नये. आधी पोटभर खायचे आणि शेवटी उरलेल्या किडक्या भेंडीचे बी धरायचे, असे केले तर दरवर्षी वाण उतरत जाते.

दुधी, भोपळा, काकडी, कारली, दोडका: यांच्या एकाच वेलावर नर फुले आणि मादी फुले वेगळी येतात. मादी फुलाच्या मागे बारीक फळ आधीच दिसते. दुधी आणि कारली शेजारी असली तर बिघडत नाही, पण दोन प्रकारचे दुधी शेजारी असले तर त्यांचा संकर होतो. शुद्ध बी हवे असेल तर उमलण्याआधीच नर आणि मादी कळीला दोरा बांधावा. फूल उमलायच्या वेळी दोरा सोडून नर फुलाचे पराग मादी फुलावर फिरवावेत आणि मादी फूल पुन्हा बांधून ठेवावे. भोपळ्याचे फूल सकाळी उमलते, दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी. हे काम मुले हौसेने करतात. बियाण्याचे फळ वेलावर पूर्ण निबर होऊ द्यावे.

दुधीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ज्या वेलाचे बी धरायचे त्याच वेलाचे एक कोवळे फळ आधी चिरून जिभेवर टेकवून पाहावे. कडू लागले तर थुंकून टाकावे, ते फळ शिजवू नये आणि त्या वेलाचे बीही धरू नये. कडू दुधी पोटात गेल्यास उलट्या होऊन माणूस गंभीर आजारी पडू शकतो.

माठ: लाल किंवा हिरव्या माठाचे एक-दोन झाड तुरा येईपर्यंत सोडावे. काळे बारीक बी झटकून घ्यावे. एका तुऱ्यातले बी अनेक घरांना पुरते.

कंटोळी: हिचे नर वेल वेगळे आणि मादी वेल वेगळे असतात. बी टाकून उगवलेल्यांत नर किती निघतील ते फुले आल्याशिवाय कळत नाही. म्हणून पाड्यावरच्या बाया मादी वेलाचा कंद आणून लावतात, आणि जवळपास एखादा नर वेल राखतात. नर वेल “वांझ” म्हणून सगळे उपटून टाकले तर मादीलाही फळ धरत नाही.

बी राखायचे कसे

बियाण्याचे दोन शत्रू, ओल आणि कीड. पालघरच्या पावसाळ्यात ओल भिंतीतूनही येते. म्हणून बी आधी सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर वाळवले तर कोंब मरतो. वालाचा दाणा दाताखाली कट् आवाज करून तुटला तर तो वाळला. दबला तर अजून ओला आहे.

वाळलेले बी चाळलेल्या, पूर्ण थंड राखेत मिसळावे. राख ओल शोषते आणि भुंग्याला दाण्यावर चढू देत नाही. सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालतात. मग ते वाळक्या दुधीत, मडक्यात किंवा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून चुलीच्या वर टांगावे. धुरामुळे कीड दूर राहते. आता काही घरांत गॅस आला, चूल कमी पेटते, त्यामुळे धुराचा हा पहारा उठला आहे. अशा घरांत झाकणाची बरणी अधिक बरी.

पेरणीच्या पंधरा दिवस आधी परीक्षा घ्यावी. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत आणि फडके रोज ओले करावे. आठवडाभरात सात किंवा अधिक दाण्यांना मोड आले तर बी चांगले. पाचच आले तर दाट पेरावे. त्याहून कमी आले तर शेजारणीकडून बी मागावे. आमच्या एका पाड्यावर अंगणवाडीत मुलांसमोर हा प्रयोग होतो आणि कोणाच्या आईचे बी किती उगवले याची चर्चा गावभर चालते.

वर्षाचा हिशेब

जून: मृगाच्या पावसाबरोबर दुधी, काकडी, दोडका, कारली, भोपळा, भेंडी, चवळी, माठ. वेल छपराजवळ आणि कुंपणाजवळ लावावेत, पाणी साचेल तिथे नाही.

जुलै-ऑगस्ट: लावणीमुळे अंगणाकडे दुर्लक्ष होते. म्हणून जूनमध्येच वेलांना मांडव करून ठेवावा. माठ आणि भेंडी या काळात ताटात येऊ लागते.

सप्टेंबर-ऑक्टोबर: बियाण्याची फळे वेलावर खूण बांधून सोडावीत. साध्या चिंधीची खूण पुरते, म्हणजे मुले ते फळ तोडत नाहीत. हस्त नक्षत्राचा पाऊस सरला की वांगी, मिरची, टोमॅटोची रोपे वाफ्यात तयार करावीत.

नोव्हेंबर: भात कापल्यावर खाचरात जी ओल उरते तिच्यावरच वाल पेरतात. त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. अंगणात सांडपाण्यावर मेथी, मुळा, टोमॅटो, वांगी.

फेब्रुवारी-मार्च: वाल निघतो. यातलेच उत्तम दाणे पहिल्यांदा बियाण्याला बाजूला काढावेत, मग खाण्याला.

एप्रिल-मे: बी पुन्हा बाहेर काढून सावलीत वारा द्यावा, कीड पाहावी, उगवण तपासावी. याच दिवसांत बायांनी एकमेकींत बियाण्याची देवघेव करावी.

ज्या घरातली सगळी माणसे नोव्हेंबरमध्ये भट्टीवर जातात, त्यांचा हिवाळी वाफा सुकतो हे खरे आहे. परसबागेने स्थलांतर थांबते असे मी म्हणणार नाही. पण ज्या घरात आजी किंवा लेकुरवाळी मागे राहते, तिथे वाल आणि वांग्याचा मोठा आधार असतो. आणि निघण्याआधी बी आजीपाशी ठेवले असेल तर परतल्यावर जून मोकळा जात नाही.

बी कोणाच्या हाती

आपल्यापैकी बहुतेकांना योसेफाची गोष्ट ठाऊक आहे. दुष्काळाआधी सात वर्षे धान्य साठवून त्याने मिसर देश जगवला, एवढा भाग आपण मुलांना शिकवतो. उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायातला पुढचा भाग आपण फारसा वाचत नाही. लोकांचा पैसा संपला, गुरे गेली, शेवटी त्यांनी जमिनी आणि स्वतःलाही फारोच्या स्वाधीन केले आणि मोबदल्यात बियाणे मागितले. त्यांना बी मिळाले, आणि पिकाचा पाचवा हिस्सा कायमचा फारोचा झाला. लोक जगले, आणि त्यांनी उपकारही मानले. पण बी ज्याच्या कोठारात, त्याच्याच हाती माणसेही गेली. पाड्यावरची पालेमोड मला समजली तेव्हा हा अध्याय मी पुन्हा वाचला. मग विचार आला की दरवर्षी जूनमध्ये पाकिटे घेऊन येणारी मी, आणि माझ्या गाडीची वाट पाहणाऱ्या बाया, यांत काय होत होते? आमच्या मनात व्याज नव्हते, पण कोठार आमचेच होते.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आपण ऐकले असेल. महादेव कोळी समाजातल्या या शेतकरी बाईंनी शाळा पाहिली नाही, पण गावठी वाणांचे बियाणे जमवून घरातच बियाणे बँक उभी केली. रासायनिक औषधांवर वाढलेले अन्न खाऊन घरातली मुले आजारी पडतात, या काळजीतून त्यांचे काम सुरू झाले. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामातली मला भावलेली गोष्ट म्हणजे बियाणे घेणाऱ्याने पीक आल्यावर घेतल्यापेक्षा अधिक बी परत द्यायचे, अशी देवघेव. त्यामुळे बी वाढत जाते आणि घेणारा मिंधा राहत नाही. जवळचे उदाहरण वाडा कोलमचे. पालघर जिल्ह्यातल्या या बारीक तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेतकऱ्यांनी घरात बी टिकवले नसते तर मानांकन द्यायला तांदूळच उरला नसता.

कायदाही बियाणे राखणाऱ्याच्या बाजूचा आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवघेवीचा आणि विकण्याचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी कंपनीसारखे नावाच्या पाकिटात भरून विकता येत नाही. आढ्याला टांगलेला दुधी हा त्या आजीचा कायदेशीर हक्कही आहे, हे तिला सांगितले तेव्हा ती हसली. “मग आधी काय चोरी होती?” असे तिने विचारले.

पाड्यांवरची खबर

यंदा आम्ही एकही पाकीट विकत घेतले नाही. मे महिन्यात तीन पाड्यांवरच्या बाया एका अंगणात बसल्या. प्रत्येकीने घरात असेल ते बी आणले. जिच्याकडे काही नव्हते तिने राख आणि मडके आणले. आजीच्या चवळीचे आणि काकडीचे बी त्या दिवशी बऱ्याच घरांत गेले. घेणारीने पीक आल्यावर दुप्पट बी परत आणायचे, असे बायांनीच ठरवले. हिशेब वहीत नाही, भिंतीवर गेरूच्या रेघांनी ठेवला आहे.

सगळे सुरळीत झाले असे नाही. एका घरच्या भोपळ्याला भुंगा लागला होता, ते बी वाया गेले. टोमॅटोचे गावठी बी कोणाकडेच निघाले नाही, ते शोधतो आहोत. एका पाड्यावर शेळ्यांनी अर्धे वाफे खाल्ले. आता तिथे कुंपणाला काटेरी फांद्या लावल्या आहेत.

९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन आहे. त्या सुमाराला कृषी विभागातर्फे रानभाजी महोत्सव भरतात. आपल्या जवळ भरला तर जरूर जा, आणि भाजी घेताना ती कशी करायची ते विकणाऱ्या बाईलाच विचारा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत बियाणे ठेवण्यासाठी अंगणवाडीजवळ एक कोरडी जागा मागण्याचे बायांनी ठरवले आहे.

आपण काय करू शकाल

दरवर्षी या जागी आम्ही बियाण्यासाठी देणगी मागत असू. यंदा तशी मागणी नाही. घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या रिकाम्या बरण्या हव्या आहेत, स्वच्छ धुतलेल्या आणि कोरड्या.

राई, मुर्धे, मोर्वा, उत्तन भागातल्या वाचकांना वेगळी विनंती. इमारती उठण्याआधी आपल्या घरी भात होत होते, मागच्या दारी वाल आणि दुधी होता. कोणाच्या आईने, आत्याने अजून ते बी राखले असेल तर आम्हाला कळवा. ते लगेच पाड्यावर नेणार नाही. आधी बायांना विचारू, त्यांना हवे असेल तर नेऊ. न विचारता देण्याची चूक आमच्याकडून एकदा झाली आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आपल्याकडे आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या आपण देवापुढे आणतो. त्याच सुमाराला पाड्यावर नवे भात कणसरीला दाखवल्याशिवाय कोणी खात नाही. दोन्हीकडे माणूस पहिला घास घेण्याआधी थांबतो. यंदा आगेऱ्याला लोंब्या आणाल तेव्हा त्यांतली एक मूठ दळायला देऊ नका. सावलीत वाळवा, बरणीत भरा आणि जूनमध्ये कुंडीत का होईना, पेरून पाहा.

पुढच्या अंकात बायांचे दुप्पट बी परत आले की नाही, ते कळवीन. आले नसेल तर तेही कळवीन.

आपली नम्र,
पाड्यांवरची एक कार्यकर्ती, भाईंदर